रात्रीची गोळी चालू आहे, शनिवारी दोन पेग घेतले तर किती तासांचा गॅप ठेवू?

अर्धीझोप:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. प्रश्न जरा ऑकवर्ड आहे. झोप लागत नाही आणि मधेच छातीत धडधडून घाबरल्यासारखं होतं म्हणून गेले पाच महिने क्लोनाझेपाम ०.५ चालू आहे, रात्री साडेदहाला एक. फरक पडलाय, तक्रार नाही. आता येत्या शनिवारी जुना कॉलेजचा ग्रुप भेटतोय, तब्बल १२ वर्षांनी, आणि तिथे बसणं होणार हे नक्की. मी काही बेवडा नाही हो, वर्षातून चारपाच वेळा, दोन लार्ज, फार तर तिसरा.

स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय, फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहिलं तरी गोळ्या फोडून फोडून नेमकी तीच जागा फाटलीये. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत 'ड्रिंक्स वगैरे?' विचारलं होतं तर मी 'छे छे' म्हणून मोकळा झालो कारण शेजारी आई बसली होती. आता कुठल्या तोंडाने फोन करू.

तर माझा हिशोब असा की एकतर शनिवारची गोळी स्किप करायची, नाहीतर ती दुपारी ४ लाच घेऊन टाकायची आणि ९ नंतर ग्लास हातात घ्यायचा, म्हणजे पाच तासांचा गॅप पडला. यातलं कुठलं सेफ? की अजून जास्त गॅप लागतो? अनुभव असेल त्यांनी सांगा. प्लीज लेक्चर नको.

फुल्लचार्ज:
काही होत नाही भावा. मी तीन वर्षं सेम गोळी घेतोय, रोज रात्री दोन पेग पण असतात, वरून गोळी टाकतो आणि सरळ सकाळी सातला उठतो. उलट झोप जास्त मस्त लागते. स्ट्रिपवर सगळंच लिहिलेलं असतं, ते लिहावंच लागतं त्यांना. १२ वर्षांनी मित्र भेटतायत, बिनधास्त जा, एंजॉय.

औषधवाली:
लेक्चर देत नाही, पण गॅपचा हिशोब करून दाखवते कारण सगळी गडबड तिथेच आहे. (फार्मासिस्ट आहे, १४ वर्षं काउंटरच्या आत उभी आहे. हा प्रश्न महिन्यातून दोनतीनदा येतो आणि दरवेळी 'मित्रासाठी विचारतोय' म्हणून येतो, तुम्ही निदान स्वतःसाठी विचारलात.)

क्लोनाझेपाम अंगातून अर्धी उतरायलाच साधारण ३० ते ४० तास लागतात. अर्धी हं, पूर्ण नाही. म्हणजे आज रात्री गोळी घ्यायच्या वेळेला कालच्या गोळीतलं ६० टक्क्यांच्या आसपास अजून आतच असतं, त्यावर तुम्ही आजची टाकता, उद्या अजून एक, असं साचत जातं आणि आठवड्याभरात एका पातळीला येऊन थांबतं. त्या पातळीला बेरीज केली तर शनिवारची गोळी तुम्ही गिळलीच नाहीत तरी शुक्रवार, गुरुवार, बुधवार आणि त्यामागच्या मिळून दीड गोळीहून थोडं जास्तच रक्तात फिरत असतं. आता सांगा, यात दुपारी ४ काय आणि रात्री ९ काय. तुमच्या पाच तासांच्या गॅपमध्ये काही रिकामंच होत नाही. उलट ४ वाजता घेतलीत तर तिचा जोर चढलेला असतानाच पहिला पेग जाईल.

आता दुसरी बाजू. ६० मिलीच्या एका लार्जमध्ये शुद्ध अल्कोहोल २० ग्रॅमच्या आसपास असतं आणि लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅम संपवतं, त्याच्या वर त्याला घाई करता येत नाही, कॉफी प्या, डोक्यावर गार पाणी ओता, ओकून टाका, वेग तोच. तीन लार्ज म्हणजे ६० ग्रॅम, म्हणजे सहा ते साडेआठ तासांचं काम. आणि शेवटचा पेग पोटात गेल्यावर रक्तातलं प्रमाण अजून अर्धा-पाऊण तास चढतच असतं, माणूस झोपला तरी चढतं. म्हणजे 'झोपला बिचारा, आता उतरेल' असं सगळे म्हणतात तेव्हा खरं तर ती चढत असते.

दोन्ही एकत्र का नकोत, तर दोन्ही एकाच ब्रेकवर पाय देतात. मेंदूत गाबा म्हणून एक रसायन आहे, त्याचं काम सगळं शांत करणं. गोळी त्या गाबाचा जोर वाढवते, दारू पण तेच करते आणि वर मेंदूला जागं ठेवणारी जी यंत्रणा आहे तिलाही दाबते. नुसती ही गोळी, सांगितलेल्या डोसमध्ये, धडधाकट माणसाचा श्वास सहसा बंद पाडत नाही, म्हणून लोकांना ती निरुपद्रवी वाटते. नुसत्या दोन पेगांनीही सहसा तसं होत नाही. दोन्ही मिळून जो परिणाम होतो तो कधी बेरजेपेक्षा मोठा असतो आणि कुठल्या दिवशी किती मोठा ते आधी सांगता येत नाही. उपाशी पोट, सर्दी, आधीच कमी झोप, वय, लिव्हर, घोरण्याचा त्रास, सगळ्यावर अवलंबून.

@फुल्लचार्ज, तुम्हाला काही झालं नाही याचा आनंद आहे. पण झोप मस्त लागते म्हणता ती झोप आहे की गुंगी हे झोपणाऱ्याला कळत नाही. दारूने पहिले तीनचार तास माणूस दगडासारखा पडतो आणि पहाटेकडची झोप तुटक होते, सकाळी उठून आपल्याला फक्त पहिला भाग आठवतो.

स्किप करण्याबद्दल. एक रात्र चुकली म्हणून आभाळ कोसळत नाही, पण पाच महिने रोज घेतलेली गोळी मनाने चालू-बंद करण्याची सवय वाईट. त्यामुळे डॉक्टरांना फोन करा. 'मागे खोटं बोललो' इतकं म्हटलं तरी पुरतं, त्यांना हे रोज ऐकायची सवय आहे, तुम्ही पहिले नाही.

तिसरामजला:
लिहू की नको असा विचार करत होतो, लिहितोच.

माझा मोठा भाऊ. कंबरेच्या नसेचं दुखणं, त्याला प्रेगाबालिन आणि सोबत ट्रामाडोल चालू होतं. झोपेची गोळी नव्हती हं, दुखण्याच्या गोळ्या, म्हणून आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही की यांचा आणि दारूचा काही संबंध असेल. घरीच बसले होते तिघं, दादा नेहमीपेक्षा कमीच प्यायला होता, हे मी मुद्दाम लिहितोय, कमी प्यायला होता. अकराच्या सुमाराला सोफ्यावर बसल्या बसल्या झोपला, हनुवटी छातीला टेकलेली. इतका मोठ्याने घोरत होता की आम्ही हसलो, एकाने फोनवर रेकॉर्ड पण केलं. अंगावर चादर टाकली आणि आम्ही झोपायला गेलो.

मी तीन-साडेतीनला पाणी प्यायला उठलो. घोरण्याचा आवाज बदललेला होता, कसा सांगू, हुक्का ओढताना पाण्यातून बुडबुडे येतात तसा ओला आवाज, आणि मग एकदम काहीच नाही. मी उभाच राहिलो. मनात म्हटलं आता घेईल श्वास, आता घेईल. मग एक मोठा आचका आणि पुन्हा ओला आवाज. लाईट लावला तर ओठ जांभळट, शर्टवर उलटी. हाका मारल्या, गालावर मारलं, खांदा जोरात चिमटला, काही नाही.

अँब्युलन्सला फोन केला, त्या बाईंनी फोनवरच सांगितलं त्याला खाली जमिनीवर घ्या, कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात दुमडून पुढे, तोंड खालच्या बाजूला म्हणजे उलटी बाहेर येईल, आणि छातीकडे बघत श्वास मोजत राहा. मिनिटाला सहा मोजले मी. सहा. स्वतःचे मोजून बघा म्हणजे कळेल सहा म्हणजे काय. उलटी फुप्फुसात गेली होती, दोन दिवस व्हेंटिलेटर, नंतर न्यूमोनिया, एकूण सतरा दिवस. वाचला. अजूनही त्या रात्रीचं त्याला काहीही आठवत नाही, पहिल्या पेगनंतर डायरेक्ट हॉस्पिटलचं छत आठवतं.

ते घोरण्याचं रेकॉर्डिंग मी नंतर ऐकलं. त्यातही मधे मधे गॅप आहेत. आमचं हसणं इतकं मोठं आहे की तेव्हा लक्षातच आलं नाही.

खडूसबुवा:
@तिसरामजला, वाचून अंगावर काटा आला. दादा आता बरे असतील अशी आशा.

एक गोष्ट आठवली, कायद्याच्या अभ्यासात वाचलेली. कॅरन अ‍ॅन क्विन्लन, अमेरिकेत न्यू जर्सीची, १९७५ साल, वय २१. वजन कमी करायला दोनचार दिवस जवळजवळ उपाशी, पार्टीत थोडी दारू, आणि डायझेपामसारख्या गोळ्या आधीच घेतलेल्या. गरगरतंय म्हणाली म्हणून मित्रमंडळींनी घरी आणून झोपवलं, थोड्या वेळाने बघायला गेले तर श्वास थांबलेला. श्वास परत आला पण ती शुद्धीवर कधीच आली नाही. व्हेंटिलेटर काढायचा की नाही यावर आईवडील कोर्टात गेले, १९७६ ला त्यांच्या बाजूने निकाल लागला, व्हेंटिलेटर काढला तर पोरगी स्वतः श्वास घेत राहिली, आणि तशीच बेशुद्ध १९८५ पर्यंत जगली. लोक ही केस इच्छामरणाच्या चर्चेत वाचतात, सुरुवात कशी झाली ते कोणी बघत नाही.

बाकी माझा साधा प्रश्न. बिअरचं काय? बिअर म्हणजे काय दारू नाही ना तशी.

औषधवाली:
बुवा, ६५० मिलीची ५ टक्क्यांची बाटली म्हणजे २५ ग्रॅम अल्कोहोल, एका लार्जपेक्षा जास्त. ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ४० ग्रॅम, सरळ दोन लार्ज. लिव्हरला बाटलीचा आकार दिसत नाही.

तिसरामजला, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण काउंटरवर मला हेच सांगता सांगता नाकी नऊ येतात की 'गुंगीची गोळी' म्हणजे फक्त झोपेची गोळी नव्हे. नसांच्या दुखण्याच्या प्रेगाबालिन-गॅबापेन्टिन, या दोघांच्या बाबतीत २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने श्वास मंदावण्याचा वेगळा इशारा दिलाय. ट्रामाडोल, कोडीनवाली खोकल्याची औषधं, यात तर धोका सगळ्यात जास्त कारण ही अफूच्या जातीची, श्वासाच्या केंद्रालाच थेट दाबतात, आणि ट्रामाडोलमध्ये फिट यायची भीती वेगळी. मान आखडली म्हणून दिलेलं टिझानिडीन, बॅक्लोफेन. डिप्रेशनसाठी किंवा अर्धशिशीसाठी रात्री दिलेली अमिट्रिप्टिलीन, मिर्टाझापीन. मानसिक आजारासाठी दिलेली क्वेटियापीन. खाजेसाठी हायड्रॉक्सिझीन. आणि सर्दीच्या साध्या गोळीतलं क्लोरफेनिरामीन, जी लोक चिठ्ठीशिवाय घेतात आणि 'औषध' म्हणून मोजतच नाहीत. सगळ्यांचा धोका सारखा नाही, पण एकीवर दुसरी आणि त्यावर दारू असं झालं की हिशोब कोणालाच लागत नाही. अर्धीझोप, तुम्हालाही विचारते, क्लोनाझेपामबरोबर अजून काही चालू आहे का?

झोल्पिडेम घेणाऱ्यांसाठी वेगळं लिहिते, कारण ते म्हणतात 'आमची गोळी दोनअडीच तासात अर्धी होते, आम्हाला काय'. तिची भानगड निराळी आहे. माणूस झोपेतच उठतो, स्वयंपाक करतो, गाडी काढतो आणि सकाळी काही आठवत नाही, याच प्रकारासाठी २०१९ मध्ये एफडीएने तिच्यावर सगळ्यात कडक प्रकारचा इशारा टाकला. दारू पोटात असेल तर हे व्हायची शक्यता अजून वाढते.

आणि एक जे कोणी लिहीत नाही. या गोळ्या आणि दारू, दोन्हींनी स्मरणशक्तीची कॅसेट बंद पडते. रात्री एक वाजता माणूस पलंगावर बसतो, स्ट्रिप हातात, मी घेतली की नाही आठवत नाही, म्हणून घेतो. पंधरा मिनिटांनी परत तेच. आमच्याकडे एक बाई सकाळी स्ट्रिप घेऊन आल्या होत्या, 'काल दहा होत्या आता सहा आहेत, मी एकच घेतली'. त्या शुद्धीत होत्या, बोलत होत्या, शपथेवर सांगत होत्या एकच घेतली. तिथूनच हॉस्पिटलला पाठवलं.

अर्धीझोप:
सगळ्यांचे आभार, खरंच. तिसरामजला, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

@औषधवाली, हो, आहे की. सर्दीची गोळी, परवापासून. तुम्ही नाव लिहिलंत म्हणून पाकीट उलटून बघितलं, तेच क्लोरफेनिरामीन. मला वाटलं होतं ती धरायचीच नाही.

आज डॉक्टरांना फोन केला. आधी दोन मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मग सांगितलं. ते शांतपणे म्हणाले 'बरं झालं सांगितलंत, फाईलमध्ये बदलतो'. शनिवारी प्यायची नाही, गोळी नेहमीच्या वेळेला घ्यायची, मनाने स्किप करायची नाही, सर्दीची गोळी बदलून दिली. मी विचारलं एक पण नाही का, तर म्हणाले 'एकाला परवानगी दिली की दुसऱ्याचा निर्णय पहिला पेग घेतो'. गोळी कधी कमी करायची ते पुढच्या महिन्यात बघू, हळूहळू, काही आठवडे लावून, असं म्हणाले.

आता खरा प्रॉब्लेम म्हणजे मित्र. 'गोळी चालू आहे' म्हटलं की 'कसली' हा प्रश्न येणार आणि घाबरण्याची गोळी आहे हे बारा जणांसमोर मला सांगायचं नाही. आयडिया?

तिसरामजला:
अँटिबायोटिकचा कोर्स चालू आहे म्हण. त्यावर कोणी पुढे विचारत नाही, का कोण जाणे. आणि रिकामा हात ठेवू नकोस, सोडा-लिंबू भरलेला ग्लास कायम हातात, रिकामा हात दिसला की कोणीतरी भरतंच. पण बारातल्या एकाला तरी खरं सांग, ज्याच्यावर भरवसा आहे अशा. दादाच्या वेळी अँब्युलन्सवाल्यांनी विचारलं कुठल्या गोळ्या घेतो, आणि खोलीतल्या तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं, मी सकट. माझ्या सख्ख्या भावाच्या. ड्रॉवर उपसून स्ट्रिपा शोधल्या.

खडूसबुवा:
आणि गाडी तूच चालव असं सगळे म्हणतील, कारण तू एकटाच प्यायलेला नसशील. रात्रीची गोळी घेऊन गाडी चालवायची नाहीये हे लक्षात असू दे. आधीच टॅक्सीचं ठरवून ठेव.

औषधवाली:
बरोबर, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. गोळी घरी पोचल्यावर.

फुल्लचार्ज:
मी वर लिहिलं होतं काही होत नाही म्हणून. ते एडिट करत नाही, राहू दे.

मला एक विचारायचंय ताई. माझं तर रोजचंच आहे, गोळी पण आणि दोन पेग पण (दोन म्हणजे लार्ज, आणि रविवारी दोनच्या वर). तीन वर्षं. हे सगळं वाचून काल रात्री ठरवलं की दोन्ही आजपासून बंद, कायमचं. काल काहीच घेतलं नाही. रात्रभर डोळा लागला नाही ते ठीक आहे पण आज सकाळपासून हात थरथरतायत, चहाचा कप बशीवर वाजत होता, घाम येतोय, आणि कारण नसताना आतून भीती वाटतेय. हे नॉर्मल आहे का? दोन दिवसात जाईल ना?

औषधवाली:
नाही. हे दोन दिवस अंगावर काढायचं प्रकरण नाही. तीन वर्षं रोज ज्या ब्रेकवर पाय होता तो दोन्ही बाजूंनी एकदम उचललात, आता मेंदू मोकाट पळतोय. दारू आणि ही गोळी, दोन्ही अचानक बंद केल्या तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, आणि दोन्ही एकदम बंद केल्यात. दारूमुळे येणारी फिट सहसा पहिल्या दोन दिवसांत येते, आणि गोळी हळू उतरते त्यामुळे तिचा त्रास आठवड्याने सुद्धा वर येऊ शकतो. म्हणून आज बरं वाटलं तरी निर्धास्त होऊ नका.

आजच्या आज डॉक्टरांकडे जा, उद्या नाही. ओपीडी बंद असेल तर सरळ इमर्जन्सीमध्ये. एकटे जाऊ नका, गाडी स्वतः चालवू नका. दोन्ही गोष्टी खऱ्या प्रमाणात सांगा, कमी करून सांगू नका, कारण त्यावरच ते औषध ठरवतात. आणि थरथर थांबवायला आत्ता घरी पेग किंवा गोळी मनाने घेऊ नका, काय आणि किती द्यायचं ते त्यांना बघून ठरवू दे. जाण्याआधीच जर फिट आली, नसलेलं काही दिसायला लागलं, ताप चढला किंवा बोलणं असंबद्ध झालं तर वाट बघत बसायचं नाही, अँब्युलन्स. हे वाक्य घरातल्या माणसाला वाचून दाखवा. घरी कोण आहे आत्ता?

फुल्लचार्ज:
बायको आहे. तिला पूर्ण धागा वाचायला दिला, ती आता कपडे बदलतेय, निघतोच आहोत.

ती दादाच्या पोस्टपाशी थांबली. म्हणाली तुझं पण घोरणं मधेच थांबतं, दीडेक वर्ष झालं, मी पायाने हलवते मग परत सुरू होतं. मी म्हटलं कधी सांगितलं नाहीस, तर म्हणे मला वाटलं सगळ्यांचं तसंच असतं, हलवून हलवून सवय झाली होती, अर्ध्या झोपेतच हलवते.